फाइलमधली शिट्टी

गाता येत नाही पण ऐकता येतं, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना कानसेन म्हणत. आणि ते काही उगीच नव्हतं. इंटरनेटवर गाणी विकणाऱ्या त्या दुकानात विक्रीला आलेलं प्रत्येक गाणं आधी त्यांच्या कानांतून जायचं. एकाच गाण्याचे तिथे दोन भाव: वरचे बारीक आवाज कापून लहान केलेली एमपीथ्री फाइल स्वस्त आणि काहीही न कापलेली मोठी फाइल महाग. आता जिथे दोन भाव तिथे लबाडी आलीच! काही महाभाग एमपीथ्रीच फुगवून मोठी म्हणून पाठवून द्यायचे. अहो, दुधात पाणी घातलं की भांडं भरतं, पण साय कुठून आणणार? कानसेन डोळे मिटून झांजेचा आवाज विरेपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "पाठवा परत." ते कधी चुकले नाहीत.

मग एका सकाळी बायको आतून ओरडली, "अहो, फ्रीजचं दार उघडं आहे! केव्हाचा कोकलतोय तो, कान फुटले की काय तुमचे?"

कानसेन फ्रीजला टेकूनच उभे होते. त्यांना काहीएक ऐकू येत नव्हतं.

वय झालं की आधी वरचे, बारीक आवाज जातात, हे त्यांना पाठ होतं. पण ते इतरांचे जातात, अशी त्यांची समजूत होती. बायकोला सांगावं? छे. डॉक्टरकडे जावं? त्याने कागदावर लिहूनच दिलं तर? कान गेलेल्या कानसेनाला कोण ठेवील कामावर, आणि दुसरं येतंय तरी काय आपल्याला? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसले.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र दिसायचं, जाडे आवाज खाली, बारीक वरती. फुगवलेली फाइल असली की ते चित्र वरून कात्रीने कापल्यासारखं सपाट. कानसेन आता चित्र बघून निकाल द्यायला लागले. हेडफोन डोक्यावर, चेहरा समाधी लागल्यासारखा आणि एक डोळा किलकिला. कोणी मागून गेलं की तोही पटकन मिटायचा. शेजारच्या टेबलावर नवी आलेली पोरगी त्यांच्याकडूनच काम शिकत होती. "काका, तुम्हाला बघूनसुद्धा शिकायला मिळतं," ती म्हणाली, त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

आणि व्हायचं तेच झालं. एका गिऱ्हाइकाची तक्रार आली: महागाची फाइल घेतली, पण गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत बारीक शिट्टी वाजते, डोकं उठलं. रेकॉर्डिंग करताना खोलीत जुना टीव्ही चालू राहिला होता, त्याची ती शिट्टी. फाइल पास केली होती कानसेनांनी. त्यांनी घाईघाईने चित्र उघडलं. पार वरती एक बारीक सरळ रेघ होती. त्यांनी ती आलेखाचीच रेघ समजली होती! कापलेलं आहे का एवढंच बघितलं, नव्हतं, दिली सोडून.

साहेबांचं बोलावणं आलं. साहेब त्यांच्याच वयाचे, गालावर माशी बसली तरी हसणार नाहीत असे. त्यांनी फाइल लावली, एक हेडफोन स्वतः घातला, दुसरा पुढे केला.

"ऐका. टोचतेय की नाही?"

कानसेनांनी कानात प्राण आणले. गाणं छान होतं. शिट्टीचा पत्ता नव्हता. नाही म्हणावं तर बहिरे ठरतो, हो म्हणावं तर मग पास कशी केली? इकडे आड, तिकडे विहीर.

"टोचतेय," ते म्हणाले. "सुईसारखी. सरळ आत जाते."

"मग सोडलीत कशी?"

"नजरचूक झाली."

"नजरचूक? हे कानांचं काम आहे हो!" साहेब कडाडले. "मला इथे बसून स्वच्छ ऐकू येतेय!"

दारात ती पोरगी केव्हाची उभी होती. पडद्यावरचं फाइलचं नाव बघून ती चाचरत म्हणाली, "साहेब... ही दुरुस्त होऊन आलेली फाइल आहे. हिच्यात शिट्टी नाहीच."

साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याची वायर उगीचच नीट करत बसले. कान लाल झाले होते, दोघांचेही.

कानसेनच अखेर म्हणाले, "माझ्या खुर्चीवर तिला बसवा, साहेब. मला नाही ऐकू येत."

"आणि माझ्या खुर्चीवर?" साहेब पुटपुटले. उत्तराची वाट न बघता त्यांनी सांगितलं, की अलीकडे पास झालेल्या सगळ्या फाइली पुन्हा ऐकायच्या.

आता हेडफोन पोरगीच्या डोक्यावर असतो. कानसेन शेजारी बसतात. तिला काही खटकलं की ती बोट वर करते आणि ते चित्रावर तिथे खूण करतात. पहिल्या दिवशी तिने त्या तक्रारीतली जुनी फाइल लावली आणि चटकन बोट वर केलं. कानसेन बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"कशी गं आहे ती? सांग ना."

पोरगीने डोळे मिटून पुन्हा ऐकलं.

"तुम्ही सांगितलीत तशीच, काका. सुईसारखी. सरळ आत जाते."