माळकरी आणि आबांचा हरभरा

निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, मी पक्षी मोजायला लागले. पारोळ्याच्या शाळेत भूगोल शिकवण्यात उभा जन्म गेला, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे घरी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. जानेवारीत आशियातल्या बऱ्याच देशांत एकाच सुमारास पाणपक्ष्यांची गणना होते. आमच्या धरणावरही ती व्हावी म्हणून पुण्याच्या एका गृहस्थांनी फोनवर गळ घातली. पहिल्या वर्षी आम्ही सहा जण होतो, दुसऱ्या वर्षी तिघं. मग कोणाच्या गुडघ्यांना थंडी बाधली, कोणाला नातवंडं झाली, आणि उरले मी. आपण नाही गेलो तर आमच्या धरणाची जागा कोरी राहील, या हट्टानं जात राहिले. खरं तर घरी बसून तरी काय करणार होते?

दिवाळीनंतर धरणाचं पाणी मागे सरकतं आणि काळाभोर गाळ उघडा पडतो. त्या ओलीवर काही शेतकरी हरभरा पेरतात. पाण्याला सगळ्यात जवळचा तुकडा आबांचा होता. सत्तरी ओलांडलेला, बायको गेल्यापासून हंगामभर तिथल्याच झोपडीत एकटा राहणारा माणूस. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले कादंब हंस सकाळी पाण्यातून उठून थेट त्यांच्या हरभऱ्यात शिरायचे आणि आबा तेलाचा रिकामा डबा बडवत सुटायचे. माझी मोजणी रंगात आली की नेमका डबा वाजायचा. मी चांगली फणफणायचे. ते चुलीवर चहा ठेवायचे. शेवटी तह झाला: माझं मोजून होईपर्यंत डबा झोपडीत, त्यानंतर त्यांचं राज्य.

अशाच एका सकाळी मला एका कादंबाच्या गळ्यात हिरवा पट्टा दिसला. त्यावर एक अक्षर आणि दोन आकडे होते. मी ते पुण्याला कळवले, तिथून निरोप कुठे कुठे फिरला, आणि महिन्याभरात मंगोलियातल्या एका बाईंचं पत्र आलं. उन्हाळ्यात पिसं झडल्यामुळे या पक्ष्याला उडता येत नसताना त्यांनीच त्याला एका तळ्यावर धरून पट्टा घातला होता. हिमालय ओलांडून तो कुठे उतरतो ते त्यांना माझ्यामुळे कळलं. आयुष्यात इतक्या लांबून मला कोणी पत्र लिहिलं नव्हतं. मी ते आबांना मराठी करून वाचून दाखवलं.

"तठे त्यासले कोनी हाकलत नही का?" आबांनी विचारलं. मग मी त्यांना दुर्बिणीतून पट्टा दाखवला, तेव्हा पोट धरून हसले. "हाऊ ते माळकरी शे! आनि दुसरास्ना हरभरा खाई राह्यना!"

तेव्हापासून तो आमचा माळकरी झाला. पण पुढची तीन वर्षं तो आलाच नाही. मंगोलियातल्या बाई दर हिवाळ्यात विचारायच्या. तुमच्यानंतर तो कुठेच कोणाला दिसलेला नाही, जिवंत असेल तर तुमच्याकडेच दिसेल, असं त्यांनी लिहिलं होतं. मी दरवर्षी 'दिसला नाही' असं कळवायचे.

चौथ्या वर्षी मी धरणावर गेले तर झोपडीला कडी. शेजारच्या शेतकऱ्यानं सांगितलं की आबांच्या छातीत दुखत होतं म्हणून मुलगी त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी फोन लावला. आवाज खोल गेला होता. स्वतःबद्दल अवाक्षर नाही, एवढंच म्हणाले, "मना हरभरावर ध्यान ठेवा, बाई."

मी हो म्हटलं. त्या दिवसांत माझ्यावर काही सोपवणारं दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कादंब आले आणि आबांच्या हरभऱ्यात पसरले. मी मोजून घेतले. मग थव्याच्या कडेला हिरवा पट्टा दिसला. अक्षर तेच. पहिला आकडा तोच. दुसरा दिसेना, कारण त्याची मान खाली, हरभऱ्यात. त्यानं एकदा मान वर केली की झालं. मी दुर्बीण लावून थांबले. तो खात होता, बाकीचेही खात होते, बांधाकडून हिरवा तुकडा बघता बघता भुंडा होत चालला होता. आणखी पाच मिनिटं, असं मी स्वतःला तीनदा सांगितलं. आबा तिकडे खाटेवर पडून याच हरभऱ्याचा विचार करत असतील, हे काही केल्या डोक्यातून जाईना. माझी मोजणी झाली होती. तहाप्रमाणे आता डब्याची वेळ होती.

झोपडीच्या कुडाला अडकवलेला डबा काढला आणि बडवला. सगळा थवा उठला, पाण्यावरून वळला आणि लांब दिसेनासा झाला. पुढचे आठ दिवस मी रोज गेले. ते परत आले नाहीत.

फॉर्मवर पक्ष्यांना त्रास कशामुळे झाला ते लिहायचा रकाना असतो. तिथे मी 'माणसामुळे' लिहिलं. पट्ट्याचं लिहिल्यावर मंगोलियातल्या बाईंनी सभ्यपणे कळवलं की अपुऱ्या आकड्यावरून हा तोच असं धरता येत नाही, तशी सुरुवात असलेले आणखी पक्षी आहेत.

आबांना मात्र मी डबा बडवला त्याच दुपारी अभिमानानं फोन केला होता. म्हटलं, काळजी करू नका, हाकलले सगळे.

"आपला माळकरी व्हता का त्यामा?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, बहुतेक होता.

"मंग कसाले हाकलं, बाई," आबा म्हणाले. "एकला जीव, कितलं खाई?"

आठवड्यानं मुलीचा फोन आला, आबा गेले. ती तिकडे धुळ्याला, तिला या तुकड्याचं काय करायचं ते कळेना. मार्चमध्ये मी सहज म्हणून धरणावर गेले. वाचलेला हरभरा वाळून जागेवर उभा होता. तो काढायला कोणी आलं नव्हतं, आणि खाणारे केव्हाच उत्तरेला निघून गेले होते.