कुर्लीचं बीळ
कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण उकळू लागलं की मला घाटकोपरच्या टेकडीवरची आमची एक खोली आठवते. काका गेल्यावर काकी गावाहून आमच्याकडे राहायला आली होती, आणि तेव्हापासून आईची भांडी जरा जोरातच आपटायला लागली होती. त्या रविवारी आई मोरीत बसून कुर्ल्या साफ करत होती आणि काकी मला चहाचपाती भरवताना गोष्ट सांगत होती. एका कोळंबीचं डबकं आटलं, म्हणून ती कुर्लीच्या बिळात राहायला गेली. कुर्ली तोंडाने काही बोलायची नाही, नुसती नांग्या आपटत फिरायची, आणि कोळंबी अंग चोरून कोपऱ्यात बसायची. मोरीतला आवाज थांबला. शाळेच्या पुस्तकात प्राण्यांच्या गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असे, म्हणून मी विचारलं, “याचं तात्पर्य काय गं?” “हेका तात्पर्य नसता रे,” काकी म्हणाली आणि बशीकडे बघत राहिली. मग मान वर न करता आई मला म्हणाली, “अरे, गोष्ट संपलीय कुठे? कुर्लीने बीळ उकरून मोठं केलं.” काकीने पुढचा घास स्वतःच्या तोंडात घातला. आज माझ्या मुलीने अभ्यास करताना विचारलं, “बाबा, बोधकथा आणि रूपककथा यांत फरक काय?” बोधकथेचं तात्पर्य कुणालाही लागू पडतं, असं काहीतरी मी सांगू लागलो, पण रूपककथेपाशी थांबलो आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तिथे दोघी म्हाताऱ्या एकच नांगी अर्धी अर्धी करून चोखत बसल्या होत्या.