दादाच्या पँटची कंबर

त्या दुपारी दादानं शिवणयंत्रावरूनच हाक मारली, "चिमे, भूक लागली गं!"

माझा थोरला भाऊ शिंपी, मी त्याची काजं-बटणं करायची. बसून बसून त्याची भूक कधीच मेलेली, अंगात त्राण नव्हतं. दरवर्षी स्वतःच्या पँटची कंबर आत घ्यायचा. म्हणायचा, "गिऱ्हाईकं फुगतात, मी आटतोय." मग वैद्यांनी जेवणाआधी आलं-मीठ, नंतर शतपावली सांगितली. तीन महिने नेमानं केलं त्यानं.

मी म्हटलं, "आधी आलं चाव, वाढतेच."

ताट आणलं तर दादाची मान यंत्रावर कललेली. हृदय बंद पडलं, म्हणाले डॉक्टर. इतक्या वर्षांनी भूक लागली नि उपाशीच गेला.

दहा दिवसांनी यंत्र उघडलं. सुईखाली त्याचीच पँट होती, कंबर सैल करायला उसवलेली. उरलेली शिवण मी मारली.