मामांचं राहिलेलं अर्धं भाषण

आमच्या मामांनी पुस्तकांवर जेवढा विश्वास टाकला तेवढा अख्ख्या लालबागमध्ये कुणी सख्ख्या भावावरही टाकला नसेल. आणि पुस्तकांनी मामांना जेवढं गोत्यात आणलं तेवढं सख्ख्या भावानेही कुणाला आणलं नसेल. मामा म्हणजे माझ्या आईचे मावसभाऊ. वय चौसष्ट, लग्न केलेलं नाही, अंगाने काटकुळे, आणि खिशात कायम एक पेन्सिल. गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटले आणि वर्षाच्या आत गिरणीलाच टाळं लागलं. तेव्हापासून हिंदमात्याला साड्यांच्या दुकानात. राहायला मात्र पहिल्या दिवसापासून एकच जागा, आमच्या गावकीची खोली. गावच्या मुंबईकर मंडळींनी कोणे एके काळी मिळून चाळीत घेतलेली ही खोली. गावाहून जो येईल आणि ज्याला मुंबईत कुणी नसेल, त्याने इथे वळकटी टाकायची आणि भिंतीवरची एक खुंटी आपली म्हणायची. मीही सात वर्षं तिथेच काढली. पुढे पोरांच्या नोकऱ्या लागल्या, जो तो आपापल्या घरात गेला, आणि खोलीत उरले मामा, त्यांची पुस्तकं आणि परळच्या मोठ्या इस्पितळात उपचारासाठी आलेली गावची माणसं. आजारी बाईमाणूस आलं की मामा कुणी न सांगता आपली वळकटी उचलून गॅलरीत जायचे आणि महिना महिना तिथेच झोपायचे. ही खोली कशी गेली तेच मला सांगायचंय, पण ती पुस्तकांशिवाय सांगता येत नाही.

मामा कथा-कादंबरीला हात लावत नसत. "खोट्या माणसांच्या गजाली कशाक वाचू? हय खऱ्या माणसांच्या काय कमी आसत?" असं त्यांचं म्हणणं. त्यांना लागायचं ते विचाराचं पुस्तक. तत्त्वज्ञान, समाज, धंदा, काहीही चालेल, पण आत एक मोठा विचार पाहिजे. फुटपाथवरून जुनं पुस्तक आणायचं, त्याला कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालायचं, पेन्सिलीने ओळीन्‌ओळ अधोरेखित करायची (मग न अधोरेखलेलं तेवढंच उठून दिसायचं), आणि पुढचे पंधरा दिवस तो विचार आमच्यावर राज्य करायचा. एकदा कुठल्याशा पुस्तकात त्यांना सापडलं की न्याय म्हणजे सगळ्यांना सारखं नव्हे, ज्याची गरज मोठी त्याला आधी. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चाळीच्या संडासाच्या रांगेपाशी उभे! जो येईल त्याला निकड विचारायची आणि त्याप्रमाणे नंबर द्यायचा. पहिला अर्धा तास लोकांनी खरं सांगितलं. मग सगळ्यांचीच निकड पहिल्या नंबरची झाली, दोघांनी एकमेकांच्या बादल्या लाथाडल्या, आणि शेवटी मामांनाच स्वतःच्या नंबरासाठी वरच्या मजल्यावर पळावं लागलं. संध्याकाळी शांतपणे म्हणाले, "विचार बरोबर होतो रे. मोजूची पद्धत चुकली."

दुकानातही तीच तऱ्हा. तेव्हा मामा गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या दाखवायचे. धंद्यावरच्या एका पुस्तकाने त्यांच्या मनात भरवलं की विश्वास हेच खरं भांडवल. झालं! लग्नाचा बस्ता बांधायला अख्खं कुटुंब आलेलं, नवरीच्या आईने एक शालू पसंत केलेला, आणि मामा हात जोडून म्हणाले, "ताई, याचा रंग जातो. मी माझ्या बहिणीला देणार नाही." कुटुंब उठलं ते समोरच्या दुकानात गेलं. शेठ भला माणूस, त्याने मामांना काढलं नाही, पण गादीवरून उठवून मागे बसवलं. गिऱ्हाइकांनी उलगडून नापसंत केलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, एवढंच काम. आज वीस वर्षं मामा घड्या घालतायत. मला राग यायचा. म्हटलं, मामा, अहो त्या पुस्तकवाल्याला काय जातंय, त्याला कुठे हिंदमात्याला साडी विकायचीय? तर मामा हसायचे.

त्यांचे दोन विचार मात्र पंधरा दिवसांत गेले नाहीत, मुक्कामालाच राहिले. पहिला असा की जे आपल्याला सगळ्यात प्रिय ते गेलं आहे अशी रोज कल्पना करायची, म्हणजे खरंच जाईल तेव्हा मन तयार असतं. मामांकडे प्रिय म्हणावं असं दुसरं होतं काय? रोज सकाळी आंघोळ झाली की खोलीच्या मधोमध मांडी घालून, डोळे मिटून पाच मिनिटं बसायचे आणि खोली गेली असं समजायचे. आम्ही पोरं तेव्हा फिदीफिदी हसायचो. दुसरा विचार असा की वादात आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षाही चांगली मांडून दाखवायची, आणि मगच आपली. "पयली दुसऱ्याची, मागसून आपली," असं ते बोट वर करून सांगायचे. चाळीत भांडण झालं की लोक मामांना बोलवायचे आणि दोन्हीकडचे लोक मामा आपलीच बाजू पटवून देतात म्हणून खूश व्हायचे.

मग दोन वर्षांपूर्वी गावकीत विषय निघाला की खोली विकून टाकावी आणि त्यातून गावात देवळापुढे सभामंडप बांधावा. रविवारी दुपारी खोलीतच सभा भरली. तीस-पस्तीस माणसं दाटीवाटीने बसली, उरलेली गॅलरीत. खरं सांगतो, निम्म्यांचं मन ठरलेलं नव्हतं. मामांनी महिनाभर तयारी केली होती. वहीची बावीस पानं! इस्पितळात आलेल्या गावच्या प्रत्येक माणसाचं नाव, तो किती दिवस राहिला, बरा होऊन गेला की नाही, सगळं लिहिलेलं. ती वही त्यांनी मला आधी दाखवली होती आणि मी तेव्हाच म्हटलं होतं, "मामा, एवढंच वाचा आणि खाली बसा." ऐकतायत कसले!

मामा उभे राहिले आणि आधी खोली विकावी ही बाजू मांडू लागले. आणि काय मांडली हो! सभामंडप मागणाऱ्यांनाही सुचलं नव्हतं ते मामांनी सांगितलं. पावसात देवळाबाहेर भिजत उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, छप्पर नसल्याने पुढे ढकललेली लग्नं, मुंबईत एका खोलीला कवटाळून बसलेली आपण मंडळी आणि तिकडे ओस पडलेलं गाव. लोकांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले, लपवण्यात काय अर्थ आहे? वीस मिनिटांनी अर्धं भाषण संपलं. मामांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

आमच्या गावकीची रीत अशी की सगळ्यांचं एकमत झालं की मानकऱ्याने उठून देवाला गाऱ्हाणं घालायचं, आणि एकदा गाऱ्हाणं झालं की तो विषय संपला. देवापुढे गेलेला शब्द मागे घ्यायचा नाही. खोली राहावी म्हणणारे मामाच असं बोलले म्हटल्यावर आणखी एकमत ते कुठलं? मामा पाणी पीत असतानाच मानकरी अण्णा उठले, हात जोडले आणि सुरू झाले, "हे देवा महाराजा, आज तुझी सगळी लेकरां एका विचारान जमली हत..."

"व्हय महाराजा!" सगळी खोली गरजली.

मी मामांकडे पाहिलं. तांब्या खाली ठेवून त्यांनी घाईघाईने हात जोडले होते. गाऱ्हाण्याच्या मध्ये आमच्यात कुणी बोलत नाही, आणि मामा तर नाहीच नाही. दुसऱ्या वाक्याला त्यांचेही ओठ हलले, "व्हय महाराजा." जन्मभराची सवय. मी ओरडायला हवं होतं, थांबा, माणसाचं भाषण अर्धंच झालंय. वहीत पुढे काय आहे ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. पण मी नाही ओरडलो. मीही सगळ्यांबरोबर व्हय महाराजा म्हणालो, आणि हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. शेवटी चहा आला. अण्णांनी मामांची पाठ थोपटली, "मोठ्या मनाचो माणूस!" मामांनी वहीची उघडलेली पानं मिटली.

सभामंडप झाला. चांगला झाला म्हणतात. मामा आता दुकानाच्या पोटमाळ्यावर राहतात, शेठनेच जागा दिली. परवा गेलो तर दुपारची दुकानात गर्दी नव्हती आणि मामा मागे घड्या घालत बसले होते. म्हणाले, गावचा एक जण इस्पितळात आलाय, बायको आणि तो इस्पितळासमोरच्या फुटपाथवर असतात, सकाळी थर्मासमधून चहा नेऊन देतो. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, तुम्ही एवढी वर्षं तो सराव करत होतात, खोली गेली असं समजायचा. त्याचा काही उपयोग झाला?"

मामांनी मांडीवरच्या साडीचे काठ जुळवले, घडीवरून हात फिरवला.

"नाय रे झिला," ते म्हणाले. "तेव्हा डोळे उघडले की समोर खोली असायची."