मांडी घालणारी माणसं

शैलाचा फोन आला तेव्हा माझ्या डाव्या हातात काडीला खोचलेलं एका भाजीवालीचं डोकं होतं आणि मी त्याच्यावर खळ लावलेला पदर बसवत होते. शैला म्हणजे माझी धाकटी भावजय. ती म्हणाली, "अक्का, हे गेले." दत्तू सकाळी चहा घेता घेता गेला. मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. खळ वाळली की पदर वळत नाही, म्हणून तो आधी नीट बसवला, काडी कणकेच्या गोळ्यात उभी केली आणि मग रायापूरला त्याच्या घरी जायला रिक्षा बघितली. कुणाला हे कसंसं वाटेल... दत्तूला वाटलं नसतं. पदर बिघडला असता तर मात्र त्याने तिरडीवरून उठून मला ऐकवलं असतं.

दत्तू माझा पाठचा भाऊ. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे, पण तो हट्टी होता, जेवायला बोलावलं की भाकऱ्या गार झाल्यावर यायचा, आणि समोरच्याचं बोलणं कधी पुरतं ऐकायचा नाही. तो कवळ्या करायचा. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत त्याची एक खोली होती. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेऊन त्याच्याकडे पाठवायचे, आणि हा मेण, प्लास्टर आणि अ‍ॅक्रिलिक घेऊन त्यातून दात उभे करायचा. आमच्या ओळखीतली बहुतेक म्हातारी माणसं दत्तूच्या दातांनी भाकरी खातात. मीही खाते. पण मला आज सांगायचं आहे ते त्याच्या शेवटच्या चार-पाच वर्षांतल्या वेडाबद्दल, कारण तेवढ्या वर्षांत त्याने मला जितकं हसवलं आणि पळवलं, तितकं आधीच्या सगळ्या आयुष्यात नाही.

प्लास्टिकचे रंगीत ठोकळे एकमेकांवर दाबून मुलं घरं आणि गाड्या करतात, ते सगळ्यांनी पाहिलेत. त्या खेळात बोटाच्या दोन पेरांएवढी माणसंही असतात. त्यांचं डोकं, केस, धड, पाय सगळं सुटं निघतं आणि परत बसतं. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेर बसलेल्या मुलांसाठी असे ठोकळे ठेवले होते. त्यातल्या एका माणसाचे केस हरवले होते आणि तो टकला झाला होता. डॉक्टर थट्टेने म्हणाले, दत्तोपंत, याला पण एक कवळी करून द्या. दत्तूला थट्टा कधी कळायची नाही. तो त्या टकल्याला खिशात घालून घेऊन आला, त्याच्या डोक्याचं माप घेतलं, मेणात केस कोरले, साचा केला आणि अ‍ॅक्रिलिक ओतलं. केस झकास बसले. फक्त रंग हिरडीचा. दत्तूकडे रंग दोनच, एक हिरडीचा आणि एक दाताचा. ते गुलाबी केस घेऊन तो माझ्याकडे आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "अक्का, ओढून बघ." मी ओढले, निघाले. "आता लाव." लावले, टक् करून बसले. त्याचा चेहरा असा झाला होता की मी चहा टाकायची विसरले.

मग काय, बाकीचे रंग आणले, पगडी झाली, गांधी टोपी झाली, आपल्याकडचे शेतकरी बांधतात तो रुमाल झाला, मिशा झाल्या, डोक्यावरची पाटी झाली. मला त्याने साड्यांना लावलं. मी आयुष्यभर फॉल-पिको केलेली बाई, चिंध्यांच्या पिशव्या घरात भरलेल्या. इरकलीच्या काठाचा एक बारीक धागा ओढून काढला की त्या एवढ्याशा बाईचा अख्खा काठ होतो, हे मला तेव्हा कळलं. एकदा मी पदर गोंदाने चिकटवला तर त्याने तो माझ्यासमोर पाण्यात टाकला. त्याचं म्हणणं एकच होतं. कवळी घट्ट बसली पाहिजे आणि धुवायला निघाली पाहिजे, आणि तिच्यासाठी शेजारचा चांगला दात घासायचा नाही. इथेही तेच. मूळ माणूस कापायचा नाही, त्याला गोंद लावायचा नाही, आपण केलेलं सगळं चढलं पाहिजे आणि उतरलं पाहिजे. म्हणून मी पदराला खळ लावून तो डोक्याच्या आकाराचा वाळवायला लागले. टोपीसारखा चढतो, टोपीसारखा उतरतो.

हे ठोकळे जमवणारी, जोडणारी माणसं हुबळीत बरीच आहेत, आणि वर्षातून एकदा एक हॉल घेऊन ती आपापली कामं मांडतात, हे दत्तूला उशिरा कळलं. कळल्यावर त्याने ठोकळ्यांत आमचा दुर्गदबैलचा बाजार उभा करायचं ठरवलं. हातगाड्या, रिक्षा, कापडाची दुकानं, आणि पुढे ओळीने बसलेल्या भाजीवाल्या. आम्ही दोघांनी महिनोन् महिने खपून ते केलं. हॉलमध्ये मांडलं तेव्हा मला छाती फुगल्यासारखी वाटत होती. सगळीकडे अंतराळयानं आणि राक्षस, आणि मधे आमचा बाजार. लोक येत होते, फोटो काढत होते. तेवढ्यात एक बाई मैत्रिणीबरोबर आली, वाकून भाजीवाल्यांकडे बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "ह्या सगळ्या बाळंतिणी आहेत काय गं?" दोघी हसत पुढे गेल्या.

खरं होतं तिचं. त्या माणसांचे पाय कमरेत पुढे वाकतात, गुडघ्यात नाही. बसवलं की दोन्ही पाय काठीसारखे समोर. आपल्याकडे तशी फक्त बाळंतीण बसते, तेल लावून घ्यायला. आमच्या बाजारात मापं टाकायच्या ऐवजी सगळ्या बायका पाय पसरून न्हायला बसलेल्या. हजार वेळा बघूनसुद्धा आम्हा दोघांना ते दिसलं नव्हतं, कारण आम्ही पदर आणि पगड्या बघत होतो. रिक्षात दत्तू खोक्यातली एक भाजीवाली काढून तिचे पाय वाकवून बघत होता. घर आल्यावर म्हणाला, "अक्का, मांडी पाहिजे." मी म्हटलं, खेळणं परदेशी आहे, तिकडे लोक खुर्चीवर बसतात, ते कुठून देणार तुला मांडी. "ते नाही देत तर मी देतो. पुढच्या वर्षी ह्या हॉलमध्ये माझ्या बायका मांडी घालून बसतील, नाहीतर मी परत तिथे पाय ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो दुर्गदबैलला जाऊन एका भाजीवालीसमोर उभा राहिला आणि तिच्या पायांकडे टक लावून बघायला लागला. मी शेजारी कोथिंबीर निवडत होते. त्या बाईने साडी सारखी केली आणि विचारलं, येन नोडतियो मुदका, म्हणजे काय बघतोस रे म्हाताऱ्या. या शहाण्याने सांगितलं, तुझी मांडी बघतोय. कन्नडमध्ये, स्वच्छ, मोठ्याने. आजूबाजूच्या चार जणी उठल्या. एकीच्या हातात मुळ्याची जुडी होती. मी मधे पडून, हा माझा भाऊ, दातांचं काम करतो, डोक्याने जरा सैल आहे, असं सांगून त्याला ओढत बाहेर काढलं. त्याचं आपलं चालूच, तिचा उजवा पाय आत होता का डावा, तू बघितलास का.

त्यानंतर बाजारात जायची सोय राहिली नाही. मग मीच त्याच्या खोलीत फरशीवर बसले. तो पोटावर आडवा होऊन मेणाचा गोळा हातात घेऊन बघतोय आणि मी पुतळ्यासारखी. "डावा गुडघा खाली घे." मी म्हटलं, तो गुडघा गेली दहा वर्षं खाली जात नाही, तुझ्यासाठी आज कसा जाईल. "मग बाजारात बसून तराजू कसा धरशील?" मी डावा गुडघा तसाच उभा ठेवला, त्याच्यावर कोपर टेकवलं आणि हात पुढे केला. तो उठून बसला. आमच्या बाजारातल्या निम्म्या बायका अशाच बसतात, एक पाय मांडीत, एक गुडघा वर. पुरती मांडी देवासमोर, बाजारात ही. त्याने मेणावर कोरणी चालवायला सुरुवात केली आणि मला पाऊण तास हलू दिलं नाही. नंतर मला उठवायला शैलाला बोलवावं लागलं.

कोरणं सोपं निघालं, बसवणं अवघड. धडाच्या खाली दोन बारीक खोबण्या असतात, त्यात मांडीच्या वरचे दोन खुंट जायला पाहिजेत. पहिली मांडी गुलाबी झाली, सवयीने हिरडीचीच पावडर उचलली होती त्याने. ती दाबली आणि धड मधोमध तडकलं. दुसरी इतकी सैल की भाजीवाली दारू प्यायल्यासारखी डुलायला लागली. मग परत घट्ट, परत धड गेलं. किती धडं फुटली ते शैलाला कधी सांगितलं नाही. तो चिडायचा, मी चिडायचे, मी म्हणायचे एक थेंब गोंद लाव आणि सोड, तो म्हणायचा तू घरी जा. एके दिवशी दुपारी तो डबा खाताना मधेच थांबला. नवीन कवळी बसवली की डॉक्टर आपल्याला निळा कागद चावायला देतात, माहीत आहे ना... जिथे जास्त टेकतं तिथे निळा डाग पडतो, तेवढंच घासतात. दत्तूने त्या निळ्या कागदाची नखाएवढी पट्टी कापली, खुंटावर ठेवली आणि धड हलकेच टेकवलं. काढलं तर खुंटाच्या एकाच कडेला डाग. तेवढंच घासलं. परत कागद, परत डाग, परत घासणं. मी डबा बाजूला सारून त्याच्या खांद्यावरून बघत होते, श्वास धरून. मग टक्.

भाजीवाली बसली. उचलली तर सुटली नाही, ओढली तर निघाली, परत लावली तर परत टक्. दत्तूने फोन उचलून शैलाला सांगितलं, "बसली." तिला वाटलं कुणाची तरी कवळी, तिने विचारलं, दुखत नाही म्हणतात ना? "छे गं, मजेत आहे. वांगी विकते." मी इतकी हसले की माझीच कवळी काढून ठेवावी लागली.

त्यानंतर तो थांबायला तयारच होईना. भाजीवाल्या झाल्या, मग चांभार उकिडवा बसला, कापडवाला गादीवर पुरती मांडी घालून बसला, पेढे खाणारे दोन वकील कट्ट्यावर एकेक पाय सोडून बसले. डॉक्टरांनी त्याला हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं, जिने चढू नका, दगदग करू नका. तो म्हणाला, मी तर बसणाऱ्या माणसांचं काम करतोय, मला कसली दगदग. हॉलचा दिवस ठरला होता. पाच-सहा पदर राहिले होते, तेवढे मी करत होते. आणि मग तो फोन.

तेराव्यानंतर शैला म्हणाली, ते सगळं खोक्यात भरून माळ्यावर ठेवू या. मी म्हटलं, हॉलचा दिवस पुढच्या रविवारी आहे. ती रडायला लागली. "अक्का, महिना नाही झाला. लोक काय म्हणतील?" मी सांगितलं, लोक काय म्हणतील ते ऐकायलाच तर त्याने वर्षभर कंबर मोडली. तो एकदा त्या हॉलमधून हसं करून घेऊन आला होता. ते तसंच ठेवून मी गप्प बसणार नाही, तुला यायचं तर ये. ती आली. खोकी तिनेच धरली.

मांडून झाल्यावर तिथल्या व्यवस्थेतला एक मुलगा आला आणि नम्रपणे विचारायला लागला, आजी, हे चिकटवलंय का, मूळ भाग कापलेत का, इथल्या काही लोकांना ते चालत नाही. मी एक भाजीवाली उचलली, मांडी ओढून काढली, तिचे पहिले सरळ पाय लावून दाखवले, परत मांडी लावली. टक्. त्याने दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने तिसऱ्याला. मग मला बसायलाच मिळालं नाही, एकेक जण येतोय आणि ओढून लावून बघतोय, मोठे मोठे बाप्ये, आणि प्रत्येकाचं तोंड दत्तूसारखं होतंय. मला ताप चढल्यासारखा उत्साह आला होता. शैला पाणी पी म्हणत होती, मी ऐकत नव्हते.

दुपारनंतर एक बाई आली. हातात पिशवी, कपाळावर भलं मोठं कुंकू, बहुतेक नातवंडांच्या मागून आलेली. ती बाजारासमोर थांबली आणि वाकली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. भाजीवालीकडे बोट करून तिलाच विचारलं, "बदनिकाई ह्यांगव्वा?" वांगी कशी दिलीस बाई. अगदी सरळ, रोज विचारतात तसं. शैलाने माझा हात धरला. दत्तू असता तर भाव त्याने सांगितला असता. मी सांगितला, आणि ती म्हणाली, फार महाग लावतेस.

दत्तूची खोली आता दुसऱ्या कुणीतरी घेतली. मांडीचा साचा मी घरी आणला. अ‍ॅक्रिलिकचा वास फार येतो म्हणून गच्चीवर जाऊन ओतते, पावडर किती आणि तिच्यात कालवायचं पातळ रसायन किती ते अजून हमखास जमत नाही, कधी गुडघ्यात बुडबुडा राहतो. साचा कधी उघडायचा याला त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. भांड्यात उरलेल्या अ‍ॅक्रिलिकची तो गोळी करायचा आणि मुठीत धरून बसायचा. ते घट्ट व्हायला लागलं की आपोआप तापतं. हाताला चांगलं पोळतं. मग हळूहळू निवतं. पुरतं निवलं की आतलं झालं समजायचं. मीही तशीच धरते. तापतं तेवढा वेळ सोडायचं नाही... निवलं की उघडायचं.