शुक्रवारचं शटर

महागावात आमच्या उमेदवाराची पत्रकं मीच लिहायचे. वर ठळक सवाल, खाली चार ओळी, खेळ खलास. सोयाबीनचा भाव, रद्द झालेली एसटी, कोरडे नळ. प्रचार कार्यालय सांभाळणाऱ्या भाऊंनी शनिवारी सकाळी मोबाईल पुढे केला, तेव्हा वाटलं, असंच काहीतरी असेल.

एका स्थानिक चॅनलचा व्हिडिओ होता. आदल्या दिवशीची आमची पदयात्रा, मेकॅनिक लोकांच्या गल्लीतून चाललेली. दोन्ही बाजूंची शटरं बंद. वर लाल अक्षरं: 'उमेदवार येताच दुकानं बंद! इशारा कुणाचा?'

"यावर पत्रक काढ," भाऊ म्हणाले.

"भाऊ, शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज. ते दर शुक्रवारी बंद करतात."

"मले माहीत हाये."

"मंग?"

"मंग काय? शटर बंद होतं का नव्हतं? खोटं कुठं हाये त्याच्यात?"

मी झेंडा घेऊन पुढेच चालत होते. एका बंद शटरच्या पायरीवर गांधी टोपीवाला शेतकरी बसला होता. त्याचं थ्रेशर आत खोललेलं. "चाचा नमाजले गेला, तुमी व्हा पुढं," असं म्हणून त्यानं आम्हाला हातही केला होता. व्हिडिओत तो नव्हता. नेमका तेवढाच भाग गायब. माझ्या मोबाईलमधल्या शूटिंगमध्ये मात्र सगळं होतं.

पत्रक न लिहिता तशीच त्या मेकॅनिक चाचांच्या दुकानावर गेले. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिथं थ्रेशरची रांग पार रस्त्यावर येते. त्या दिवशी एकच मशीन, त्या टोपीवाल्याचं.

"लोक पुसदले नेऊन राह्यले मशीन," चाचा पान्यानं नट आवळत म्हणाले. "ग्रुपवर मेसेज फिरते. याच्याकडं नका जाऊ म्हणून. यही तो सीझन है, बेटा."

"पुसदचं भाडं कोन देते? तो चॅनलवाला?" टोपीवाला म्हणाला.

मी चॅनलवाल्याला फोन लावला. पूर्ण व्हिडिओ देते, दाखवा म्हटलं. तो हसला. "ताई, तुमच्याच ऑफिसातून आलता तो. तुमीच कापून पाठवता, अन् मलेच शिकवता काय? अन् पुरा व्हिडिओ पायते कोन?"

ज्या टेबलावर मी सोयाबीनच्या भावाची पत्रकं लिहिली, त्याच टेबलावर कुणीतरी या टोपीवाल्याला व्हिडिओतून कापलं होतं.

"पूर्ण व्हिडिओ मीच टाकते," मी टोपीवाल्याला म्हणाले. "पण तुमचं तोंड दिसेल. गावात बोलतील."

"आताबी बोलूनच राह्यले. टाक. पन चाचाले इचार."

चाचांनी आधी हातातला नट पुरता आवळला. उत्तर दिलं की प्रश्न वाढतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग म्हणाले, "टाक. पन वर काई लिहू नको. बहस नाई पायजे मले."

मी लिहून ठेवलेला सवाल पुसला. ठळक होता, चांगला होता. नुसता व्हिडिओ तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. चहा यायच्या आत प्रचाराच्या ग्रुपमधून मला काढलं. पाठोपाठ भाऊंचा फोन.

"तू कोनाच्या बाजूनं हायेस?"

"शुक्रवारच्या," मी म्हणाले, आणि ठेवला.

ग्रुपवर शिव्याच जास्त आल्या. ते पत्रकही निघालं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं; गुळगुळीत कागदावर. मी दुकानातच बसून राहिले. प्रत्येक ट्रॅक्टरच्या आवाजाला चाचांचा हात थांबायचा, आणि ट्रॅक्टर पुढे निघून जायचा.

ऊन उतरल्यावर एक वळला. मागे थ्रेशर. वरचा माणूस खाली उतरला, चाचांकडे न पाहता म्हणाला, "आज होते का?"

चाचांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

"लायनीत लाव," ते म्हणाले.