लोकर देणारं झाड

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या पोस्टात रांगेत उभा होतो. "काका, बाबा गेले," एवढंच त्याचा मुलगा म्हणाला. मी रांग सोडली नाही. काम उरकलं आणि मग बाहेर पायरीवर बसलो. आताशा अशा बातमीनं माणूस धावत सुटत नाही, नुसता बसतो...

सुखदेव कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, मी जन्मभर कचेरीतल्या फायली हलवल्या. आमच्यात सामाईक काय, तर संध्याकाळचा चहा आणि त्याचा तो थिओफ्रॅस्टस! दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा ग्रीक, ॲरिस्टॉटलचा शिष्य, गुरूमागे त्याची शाळा चालवणारा. लोक झाडात औषध बघत, लाकूड बघत. ह्या गड्यानं झाडाकडे झाड म्हणून पाहिलं. मूळ, खोड, पान, बी... सिकंदराच्या माणसांकडून ऐकून आपल्या मुलखातल्या लोकर देणाऱ्या झाडांबद्दलही, म्हणजे कपाशीबद्दल, त्यानं लिहून ठेवलंय. "आमची पऱ्हाटी तर कमरेएवढी. थापा मारते तुहा ग्रीक," मी म्हणालो. सुखदेवनं घरामागच्या मोकळ्या प्लॉटात देवकपाशी लावली. ती छपरापर्यंत चढली आणि वर्षानुवर्षं बोंडं देत राहिली. त्याच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतलेली, घरात देव नाही. पण अर्ध्या गल्लीतल्या देवांच्या वाती ह्याच्याच झाडाच्या. "घ्या ना माय, झाडाले कोठं धर्म हाये," म्हणत तो स्वतः बोंडं तोडून द्यायचा.

मग बोंडअळीची वर्षं आली. लोक हिरवी बोंडं घेऊन दारात यायचे. "सर, आता काय करावं?" सुखदेव बोंड उकलायचा, भिंगातून बघायचा, अळीचं सगळं समजावून सांगायचा. पण तोवर पीक हातचं गेलेलंच असायचं. ते लोक गेले की त्याचा चहा तसाच पडून राही. त्याच वर्षांत तो आतून थकला. आजार नंतर नावाला आला, असं मला वाटतं.

शेवटच्या भेटीत खाटेवरून त्यानं विचारलं, "वाया गेलं काय गा सारं? गाव बुडून राह्यलं होतं अन् मी पानं पाहत बसलो."

मला रागच आला त्याचा. जाणाऱ्या माणसानं असं विचारावं का? मग तोच म्हणाला, "ग्रीकानं मरताना बाग दोस्तायले देल्ली. इकू नका म्हणे, सारे मिळून वापरा. पोराले सांगून ठेवलं हाये म्या. प्लॉट तुह्याकडे."

"मले झाडातलं काय समजते बे?"

"नको समजू. रोज जाऊन पाह्य फक्त."

प्लॉटला गिऱ्हाईक उभं होतं, तरी मुलगा फाटकाची चावी माझ्या हातात ठेवून पुण्याला गेला. भला पोरगा. तेव्हापासून रोज जातो. कंटाळत जातो, गुडघे धरून जातो, सुखदेवला शिव्या घालत जातो. परवा शेजारची म्हातारी वातींसाठी कापूस मागायला आली. मी बोंड तोडलं आणि देण्याआधी सहज बोटांनी उकललं. आत सरकी, सरकीच्या अंगातून निघालेला एकेक तंतू... अख्खा जन्म कपाशीच्या मुलखात काढला आणि बोंडाच्या आत बघितलं ते आत्ता. किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे.

"काय पाहून राह्यले भाऊ?" म्हातारीनं विचारलं.

सुखदेवला द्यायचं राहिलेलं उत्तर मी तिलाच देऊन टाकलं. "वाया नाही गेलं, माय."

ती पदर पसरून उभी होती.